जुन्या पिकअपचा रेडिएटर बदलताय? आधी गाडी उभी राहण्याचा हिशेब मांडा



मागच्या मे महिन्यात भर दुपारी मला एक फोन आला. आपल्या वर्गाला बसून गेलेला, चोपड्याकडचा मुलगा. २०१२ चं मॉडेल असलेली पिकअप सेकंडहँड घेऊन त्याने मालवाहतूक सुरू केली होती, आणि वर्षभर धंदा बरा चालला होता. आवाज एकदम पडलेला. "सर, लळिंग घाटात उभा आहे. गाडी तपी गई." मागे कच्ची केळी, मालेगावच्या रायपनिंग चेंबरला पोचवायची. वर रणरणतं ऊन, बोनेटमधून नुसती वाफ.

मी पहिला प्रश्न विचारला, "झाकण उघडलं नाहीस ना?" नव्हतं उघडलं. नशीब! गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड-हात भाजून घेतलेली माणसं मी पाहिलेली आहेत. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय त्या झाकणाला हात लावायचा नाही, एवढी एक गोष्ट आजच लिहून ठेवा. बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

गंमत पुढे आहे. या पोराने फेब्रुवारीतच नवा रेडिएटर बसवला होता! गाडी तापते म्हणून दुकानात गेला, दुकानदाराने दोन रेडिएटर दाखवले, एक दुसऱ्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त. दिसायला दोन्ही सारखेच. याने स्वस्तातला घेतला. मे महिन्यात घाटात गाडी उभी राहिली तेव्हा त्याच्या वहीत झालेला खर्च असा: धुळ्यापर्यंत टोचन २,५००, माल पुढे नेणाऱ्या दुसऱ्या पिकअपचं भाडं ३,०००, उशीर आणि उन्हामुळे व्यापाऱ्याने तोडलेला भाव ४,०००, हेड वाकलं म्हणून ते फेस करून नवी गॅसकेट आणि मजुरी १४,०००. झाले २३,५००. गाडी नऊ दिवस उभी राहिली ती वेगळी.

आणि धुळ्याच्या मिस्त्रीने गाडी खोलल्यावर काय निघालं? पंख्याचा क्लच ढिला पडलेला. पंखा फिरत होता, पण जोरच नव्हता. म्हणजे फेब्रुवारीत गाडी तापत होती ती बहुतेक पंख्यामुळे. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे. वर नवा बसवलेला रेडिएटर जुन्यापेक्षा जाडीला कमी.

आज आपण हाच विषय घेतोय. तुमच्यापैकी कितीतरी जण जुनी बोलेरो पिकअप, मॅक्स, टाटा २०७, ४०७ किंवा टाटा एस घेऊन धंद्याला सुरुवात करता. पाण्याचे जार, भाजीपाला, केळी, पशुखाद्य, फर्निचर, मंडपाचं सामान. गाडी जुनी असली की रेडिएटरचं काम एकदा तरी निघणारच. पार्टची किंमत बिलावर लिहिलेली असते, पण त्याची खरी किंमत गाडी उभी राहिल्यावर कळते.

मे महिन्यात तुमचा रेडिएटर लहान होतो

ही गोष्ट मला स्वतःला उशिरा समजली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा इंजिनातलं पाणी उचलतं आणि रेडिएटरच्या जाळीतून हवेत टाकतं. किती टाकता येईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. डिसेंबरच्या सकाळी हवा २० डिग्री, पाणी ९५. फरक ७५ चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी हवा ४५ डिग्री, पाणी तेच ९५. फरक उरला ५० चा. म्हणजे गाडी तीच, रेडिएटर तोच, पण मे महिन्यात तो एक तृतीयांश उष्णता कमी फेकतो. डांबरी रस्त्याच्या लगतची हवा तर याहून गरम असते.

आता यात घाट मिळवा. धुळ्याहून मालेगावकडे निघालात की लळिंगचा चढ, चाळीसगावहून कन्नडचा घाट, फर्दापूरहून वर चढताना अजिंठ्याचा घाट. माल भरलेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात आणि वेग वीस-पंचवीसचा. सपाट रस्त्यावर धावताना समोरून वारा फुकट मिळतो, घाटात तो मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून ज्या गाडीचा काटा पारोळा-एरंडोल रस्त्यावर कधी हलत नाही, तीच गाडी घाटात घात करते. सुरतेला जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, जाताना कोंडाईबारी उतार आहे, परत येताना तोच चढ आहे. परतीचा माल मिळाला म्हणून खूश होऊन गच्च भरलात तर गाडीची परीक्षा तिथे होते.

थंडीत बसवलेला रेडिएटर चांगला निघाला की नाही हे थंडीत कळतच नाही, ते एप्रिलमध्ये कळतं. त्यामुळे रेडिएटरची तपासणी आणि खरेदी संक्रांत ते शिवरात्र या दिवसांत उरका. आखाजीच्या आठवड्यात गाडी बिघडली तर मिस्त्रीही गावाला गेलेला असतो आणि पार्टच्या दुकानाला अर्धं शटर!

दुकानात जाण्याआधी: दोष रेडिएटरचाच आहे का?

गाडी तापली की मिस्त्री पहिलं बोट रेडिएटरकडे दाखवतो. कधी बरोबर असतो, कधी नसतो. तुम्ही मिस्त्री नाही, पण मालक आहात. चार गोष्टी स्वतः बघता आल्या पाहिजेत.

सकाळी इंजिन गार असताना झाकण उघडा. पाणी रोज कमी होतंय का? होत असेल तर गळती शोधा. जाळीवर हिरवट-पांढरे डाग, होस पाइपच्या क्लिपा, वॉटर बॉडीच्या खालचं भोक. झाकणाचं रबर कडक झालंय का, स्प्रिंग दबते का तेही बघा. लोक या झाकणाला नुसतं झाकण समजतात. ते काम करतं कुकरच्या शिट्टीचं. पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं, ०.९ चा दाब धरणाऱ्या झाकणाखाली ते साधारण ११८ ला उकळतं. झाकण ढिलं म्हणजे हे अठरा डिग्री हातचे गेले. कित्येकदा सगळं दुखणं त्या दोन-तीनशे रुपयांच्या झाकणात निघतं.

झाकण उघडं असताना, पाणी काठोकाठ भरून गार इंजिन चालू करा आणि मिनिटभर पाण्याकडे बघा. सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅसकेटचा संशय. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखं काही दिसलं तर संशय पक्का. अशा गाडीला सोन्याचा रेडिएटर लावला तरी ती तापणार. इंजिन गरम व्हायच्या आत बंद करून झाकण लावून टाका.

मग झाकण बंद ठेवून गाडी थोडी फिरवून आणा. वरचा होस पाइप चटका बसेल इतका गरम आणि खालचा जवळजवळ गार असेल तर पाणी पुढे जात नाहीये. एक तर थर्मोस्टॅट वॉल अडकलाय किंवा जाळीच्या नळ्या आतून चुन्याने भरल्यात. इथे आपल्याकडचा एक आवडता इलाज सांगतो, "वॉल काढूनच टाका ना भाऊ, कटकट नको." कृपा करून असं करू नका. वॉल नसेल तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि इंजिन लवकर झिजतं. रोज थोडं थोडं जातं म्हणून दिसत नाही, एवढंच.

आणि पंखा. बेल्ट सैल आहे का? गाडी बंद असताना पंखा हाताने फिरवून बघा. क्लचवाला पंखा असेल आणि गरम इंजिनलाही तो बोटाच्या धक्क्याने भिंगरीसारखा फिरत राहिला, तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, म्हणजे काउल, तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असतं बऱ्याच जुन्या गाड्यांत. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तिथली तिथेच घोळवतो.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. कापूस! जिनिंगच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांची जाळी समोरून बघा. कापसाची लव, त्यावर धूळ, त्यावर किडे, अशी गोधडी बसलेली असते. ती काढायची तर इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेला साध्या नळीने हळू पाणी मारा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारलीत तर पातळ पत्री आडव्या पडतात आणि चांगली जाळी कायमची बुजते.

एवढं करूनही दोष रेडिएटरचाच निघाला तर मग पैसे काढा.

डाग, नवी जाळी, की नवा रेडिएटर?

जुन्या गाड्यांत दोन जातीचे रेडिएटर सापडतात. एक तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला. दुसरा ॲल्युमिनियमच्या जाळीचा, ज्याला वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या रबर घालून दाबून बसवलेल्या असतात. अलीकडच्या गाड्यांत दुसराच प्रकार.

"तांबं ते तांबं, ॲल्युमिनियम म्हणजे डबडं" हे तुम्ही प्रत्येक गॅरेजवर ऐकाल. अर्धं खरं आहे. धातू म्हणून तांबं उष्णता पुष्कळ चांगली वाहतं, ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त. पण तांब्याच्या जाळीत नळी आणि पत्री यांच्यामध्ये डागाचा थर असतो, तो उष्णता अडवतो. ॲल्युमिनियमच्या जाळीत नळ्या रुंद करता येतात आणि सगळी जाळी भट्टीत एकजीव होते. त्यामुळे चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर थंडाव्यात तांब्याला हार जात नाही, वजनालाही हलका पडतो. तांब्याचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. रात्री अमळनेरला गळायला लागला तरी सकाळी कुणीतरी डाग मारून देतो. प्लॅस्टिकची टाकी तडकली तर डाग चालत नाही. एम-सील लावून घर गाठायचं, बस्स. त्यावर पुढची भाडी मारायची नाहीत.

आता पर्याय बघू. तांब्याचा रेडिएटर असेल, एक-दोन ठिकाणीच गळत असेल आणि बाकी जाळी धडधाकट असेल, तर डाग देणं योग्य. नळ्या चुन्याने भरल्या असतील तर टाकी उघडून रॉड मारून साफ करणारे कारागीर अजून आहेत. पण बोटाने दाबल्यावर पत्री भुगा होऊन पडत असतील तर त्या रेडिएटरवर एक रुपयाही घालू नका. पत्री नळीपासून सुटली की पाणी थंड होत नाही, गळती थांबवून उपयोग काय?

टाक्या चांगल्या आणि जाळी गेलेली, तर फक्त नवी जाळी टाकून मिळते. याला कोअर बदलणं म्हणतात. गावातल्या गावात, शंभर किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या गाडीला हा पर्याय मला आवडतो, एका अटीवर. कारागीर ओळखीचा हवा आणि तो जुन्या जाळीएवढ्याच जाडीची, तेवढ्याच नळ्यांच्या रांगांची जाळी टाकणार हे आधी ठरवून घ्यायला हवं. तीन रांगांच्या जागी दोन रांगांची टाकली तर बाहेरून तुम्हाला कळणारही नाही.

लांबच्या फेऱ्या, घाट, नाशवंत माल, यापैकी दोन गोष्टी तुमच्या धंद्यात असतील तर सरळ मूळ मापाचा नवा रेडिएटर घ्या. गाडीच्या कंपनीच्या डब्यातलाच हवा असं नाही. रेडिएटर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत, बडोद्याची बँको प्रॉडक्ट्स त्यातली एक जुनी, त्यांचा माल पार्टच्या दुकानांत स्वतंत्रपणे मिळतो आणि बरेचदा कंपनीच्या डब्यापेक्षा कमी किमतीत.

राहिला भंगारातला, "गाडीवरून काढलेला, एकदम कडक माल." टायरची डिस्क भंगारातून घ्या, दरवाजा घ्या, रेडिएटर घेऊ नका. आत किती चुना आहे हे कुणालाच दिसत नाही.

काउंटरवर काय बोलायचं

"बोलेरोचा रेडिएटर द्या" असं म्हटलंत की तुम्ही फसायला तयार आहात असं समजा. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदलत गेलेली असतात. साधं डीआय, टर्बो, नंतरचं कॉमन रेल. प्रवासी गाडीचा वेगळा, पिकअपचा वेगळा. जुन्या गाडीत तर आधीच्या मालकाने काय काय बदललंय त्याचा भरवसा नसतो. म्हणून आरसी बुक किंवा चासी नंबर घेऊन आधी कंपनीच्या शोरूमच्या पार्ट काउंटरवरून पार्ट नंबर आणि छापील किंमत काढा. घ्यायचा कुठूनही, पण नंबर हातात हवा.

शक्य असेल तर जुना रेडिएटर काढून सोबत न्या. नाहीतर टेपने मापं घ्या. नुसत्या जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. होस पाइपची तोंडं कोणत्या बाजूला आणि किती व्यासाची, बोल्टची भोकं कुठे, हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्वस्त मालात पैसे वाचवतात ते जाडीत. उंची-रुंदी बदलली तर बसणारच नाही, जाडी कमी केली तर आरामात बसतो आणि पावसाळा-हिवाळा चालतोही. आपल्या चोपड्याच्या मित्राचं हेच झालं.

काही दुकानदार उलट्या टोकाचंही विकतात, "हा घ्या, दाट जाळीचा, जास्त थंड." पत्री जितक्या दाट, तितकी उष्णता जास्त जाते हे खरं. पण शेतरस्त्यावर, कापसात, धुळीत दाट जाळी लवकर चोंदते आणि साफ करणंही अवघड. मूळ गाडीला जशी होती तशीच घ्या.

पक्कं बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. वॉरंटी आहे म्हणतात ती बिलाशिवाय नसते. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, आधी बहुतेक पार्टवर २८ होता. त्यामुळे जुन्या छापील किमतीचा डबा समोर आला तर आताचा दर विचारा. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि करपात्र मालाचा धंदा असेल तर मालवाहू गाडीच्या पार्टवरचा कर क्रेडिट म्हणून मिळू शकतो. फक्त ताजी केळी-भाजी अशा करमुक्त मालाचा धंदा असेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. सीएला एकदा विचारून घ्या, कच्च्या बिलाच्या मोहात दोनशे रुपये वाचवून पुढचं सगळं घालवू नका.

बसवताना उभे राहा

गाडी गॅरेजवर टाकून घरी जाऊ नका. नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिनाच्या आतलं गंजाचं पाणी पूर्ण धुऊन निघालं पाहिजे, नाहीतर तोच गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो. झाकण नवं, आणि मूळ दाबाचंच. झाकणावर आकडा कोरलेला असतो. जास्त दाबाचं लावलं तर जुने होस पाइप फुटतात. होस पाइप फुगलेले, मऊ पडलेले असतील तर त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते. रेडिएटर ज्या रबरी बुशांवर बसतो ते नवे घाला. शेतरस्त्याचे हादरे थेट टाकीला लागले तर प्लॅस्टिक असो की पितळ, तडा जाणारच.

आणि कूलंट. "ते थंडीच्या मुलखातल्या गाड्यांना असतं, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! कूलंटमुळे पाणी गोठत नाही, तसंच ते उशिराही उकळतं. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत गंज चढत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. घरातल्या माठाला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळीत चढतो. नळ्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद, त्यात चुना बसला की उरलं काय? म्हणून कूलंट घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घालून भरा. तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका. जास्त घट्ट म्हणजे जास्त थंड असंही नाही, नुसतं कूलंट पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहतं. हिरवं-लाल मिसळू नका, आणि पुन्हा भरायला तोच डबा गाडीत ठेवा. रस्त्यात अडचणीत साधं पाणी घालावं लागलं तर घाला, गाडी वाचवा, पण घरी आल्यावर बदला.

आता वही काढा

बाकी सगळं मिस्त्री सांगेल, हे तो सांगणार नाही. गाडी एक दिवस उभी राहिली तर तुमचं किती जातं? बरेच जण इथे चुकतात. भाडं पूर्ण धरतात, वर हप्ता आणि विमाही मिळवतात. तसं नाही. दिवसाचं भाडं समजा ३,२००, त्यातून गाडी चालली तरच लागणारा खर्च म्हणजे डिझेल, टोल, हमाली १,४०० वजा करा. उरले १,८००. हप्ता, विमा, फिटनेस या १,८०० मधूनच जातात, ते दुसऱ्यांदा जोडायचे नाहीत. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो तुम्हाला तोंडपाठ हवा.

आपल्या मित्राचा आकडा हाच होता, १,८००. नऊ दिवसांचे १६,२००. आधीचे २३,५०० मिळवा. ३९,७०० झाले, वाचवले होते अडीच हजार. शिवाय मालेगावच्या त्या व्यापाऱ्याने पुढचे दोन महिने माल दुसऱ्या गाडीला दिला, त्याला तर वहीत रकानाच नाही.

हा आकडा हातात असला की काउंटरवर तुमचं गणित बदलतं. चांगल्या आणि स्वस्त रेडिएटरमधला फरक तुमच्या गाडीच्या किती दिवसांच्या कमाईइतका आहे, असं विचारा. दीड-दोन दिवसांचा असेल आणि तुम्ही घाट चढत असाल तर घासाघीस कशाला करताय? उलट गाडी गावातच दूध वाटपाला फिरत असेल, बिघडली तर मामाची रिक्षा मिळत असेल, तर कोअर बदलून चालेल. प्रत्येकाला महागातलाच घ्या असं मी सांगत नाहीये.

आणि हा पैसा आणायचा कुठून? किलोमीटरमागे एक रुपया वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला तीन हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर तीन हजार. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, टायर, बॅटरी, रेडिएटर सगळं त्यातून. पहिले चार महिने जड जातं.

बसवल्यानंतरचा पहिला आठवडा रोज सकाळी, गार इंजिनला, पाण्याची पातळी बघा. आत अडकलेली हवा निघाली की पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरते, ती भरून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत असेल तर लगेच गाडी परत न्या. काटा मध्याच्या वर सरकताना दिसला की गाडी बाजूला घ्या, गिअर काढून थोडा वेळ इंजिन सावकाश चालू ठेवा म्हणजे पंखा फिरत राहतो. वाफ येत असेल किंवा काटा लाल पट्ट्यात असेल तर मात्र ताबडतोब बंद.

शेवटी जुन्या रेडिएटरचं. "जुना इथेच राहू द्या भाऊ, काय करता त्याचं?" असं गॅरेजवाला अगदी सहज म्हणतो. सगळ्यांवर काळा रंग मारलेला असतो, त्यामुळे ओळखू येत नाही. कोपऱ्यात चावीने खरवडून बघा. पिवळसर-लालसर निघालं तर तांबं-पितळ, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर चांगला वजनदार असतो आणि भंगारात त्याला किलोवर भाव मिळतो. दोन ठिकाणी भाव विचारा, समोर वजन करून घ्या, किंवा तेवढे पैसे मजुरीतून कापून घ्या. आपल्या मित्राने फेब्रुवारीत स्वतःचा तांब्याचा रेडिएटर, जो बहुधा नुसता बाहेरून धुतला असता तरी चालला असता, तो दुकानात तसाच सोडून दिला होता. मे महिन्यात परत विचारायला गेला तेव्हा तो केव्हाच वितळायला गेलेला होता.